आईच्या दुधाचा हिशेब कोण देणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाखेच्या मासिक सभेत नेहमीचे विषय संपले. रिकाम्या जागा, अडकलेल्या बढत्या, क्वार्टर्सची गळती, कंत्राटीकरण, सगळ्यावर बोलून झाले. मग आम्ही खिशातून एक कागद काढून वाचायला सुरुवात केली. विषय होता आईच्या दुधात उतरणाऱ्या विषारी रसायनांचा. दोन-चार साथी हसले. एक जुने साथी म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, हा विषय बायकांच्या दवाखान्यातला. युनियनचा इथे काय संबंध?"

प्रश्न सरळ होता आणि त्याला उत्तर देणे आमचे काम होते. त्या दिवशी वेळ संपली, सभा आटोपली. ते राहिलेले उत्तर आम्ही महासंघाच्या या मुखपत्रातून देत आहोत. ते एकट्या त्या साथींसाठी नाही. युनियन म्हणजे पगार, भत्ता आणि बोनस एवढेच, असे मानणाऱ्या सर्वांसाठी आहे.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. खलाशी म्हणून रेल्वेत लागलो आणि आयुष्य शेडमध्ये आणि युनियनच्या कचेरीत गेले. रसायनशास्त्र आम्हाला फार कळते असा आमचा दावा नाही. पण घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगात त्याला न विचारता कोणी काही भरले, तर तो कामगार चळवळीचा प्रश्न आहे, एवढे आम्हाला नक्की कळते.

पेरुंगुडीत आम्ही काय पाहिले

२०१४ सालच्या डिसेंबरात युनियनच्या एका बैठकीसाठी आम्ही चेन्नईला गेलो होतो. बैठक संपल्यावर तिथल्या एका रेल्वे कामगार साथींनी आम्हाला चेन्नई बीचहून वेलाचेरीकडे जाणाऱ्या उन्नत रेल्वेत बसवले. या मार्गाचा शेवटचा टप्पा २००७ साली सुरू झाला. त्यावर पेरुंगुडी नावाचे स्थानक आहे. स्थानकाच्या आसपास पाणथळ जमीन आहे, लव्हाळे आहे, पाणपक्षी आहेत. ही पल्लीकरणैची दलदल. २०२२ साली तिला रामसर यादीत स्थान मिळाले, म्हणजे साऱ्या जगाने जपावी अशी पाणथळ जागा ठरली. त्याच वर्षी आपल्या ठाण्याच्या खाडीलाही तो मान मिळाला.

याच दलदलीच्या एका अंगावर १९८० च्या दशकापासून दक्षिण चेन्नईचा कचरा टाकला गेला. सुमारे २२५ एकरांवर त्याचे डोंगर झाले. आम्ही गेलो त्या दिवशी दोन ठिकाणी धूर निघत होता. प्लास्टिक जळल्याचा तो वास गँगमध्ये काम केलेल्या कोणालाही सांगावा लागत नाही. गाई कचऱ्यात तोंड घालून उभ्या होत्या. बायका, पोरे, म्हातारी माणसे पोती घेऊन वाकलेली. एका बाजूला दोघे जण वायरींचे भेंडोळे पेटवून आतले तांबे मोकळे करत होते.

सावलीला एक तरुण बाई मांडीवर तान्हे बाळ घेऊन बसली होती. सकाळपासून वेचलेला माल शेजारी होता. आमच्या साथींनी तिची विचारपूस केली. पहिलेच बाळ होते, चार महिन्यांचे. तिने सांगितले की बाळ अंगावरच पिते, वरचे काही देत नाही. हे सांगताना तिच्या बोलण्यात अभिमान होता. परवडण्यासारखी आणि हक्काची अशी ती एकच गोष्ट तिच्याकडे होती.

परतताना फलाटावर साथींनी आम्हाला विचारले, "या जागेवरच्या आयांच्या दुधाची तपासणी झाली आहे, माहीत आहे तुम्हाला?" आम्हाला माहीत नव्हते. त्या बाईला तर त्याहून नव्हते. साथींना माहीत होते, आणि ते तिला काही बोलले नव्हते. का बोलला नाहीत, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, "सांगून काय करू? दूध तोड म्हणून सांगू? मग बाळाला काय पाजू म्हणून सांगू?"

या प्रश्नाला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. आम्हीही मुकाट गाडीत बसलो. ती गोष्ट आजही आमच्या मनाला लागून आहे.

तपासणीत काय निघाले

ती तपासणी अशी. जपानच्या एहिमे विद्यापीठातील तात्सुया कुनिसुए, शिन्सुके तानाबे, भारतीय शास्त्रज्ञ अन्नामलै सुब्रमणियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत, कंबोडिया, व्हिएतनाम व फिलिपाइन्स या चार देशांतील उघड्या कचराभूमींजवळ राहणाऱ्या मातांच्या दुधाचे नमुने तपासले. भारतातली जागा होती पेरुंगुडी. नमुने १९९९-२००० च्या सुमाराचे, आणि निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. पेरुंगुडीच्या मातांच्या दुधात डायॉक्सिन वर्गातील विषांचे प्रमाण कचराभूमीपासून दूर राहणाऱ्या मातांपेक्षा स्पष्टपणे जास्त होते. बाकीच्या तीन देशांतल्या कचराभूमींपेक्षाही ते जास्त होते.

असे का, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांनी तिथल्या गाईम्हशींचे दूध तपासले. त्यातही तेच विष निघाले. कचऱ्यावर चरणारी गाय, तिचे दूध पिणारी आई आणि आईचे दूध पिणारे बाळ, अशी ती साखळी त्यांनी मांडली.

डायॉक्सिन कोणी कारखान्यात मुद्दाम बनवत नाही. क्लोरीन असलेला माल, उदाहरणार्थ पीव्हीसीचे पाइप, वायरींची आवरणे, रेक्झीन, कमी आचेवर धुमसत अर्धवट जळला की ते तयार होते. नीट नष्ट करायचे तर ८५० अंशांच्या वर तापमान लागते. कचऱ्याच्या ढिगाला लागलेली आग तिथवर जात नाही. ती विष जाळत नाही, विष शिजवते. ही राख आणि काजळी माती-गवतावर बसते आणि तिथून जनावराच्या पोटात जाते.

पुढचे गणित आपल्या घरातल्या बाईला कोणी समजावायला नको. ताक घुसळले की स्निग्धांश लोण्याबरोबर वर येतो. ही विषे पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धांशात विरघळतात. त्यामुळे ती लघवी-घामावाटे निघून जात नाहीत, अंगातल्या चरबीत साठून राहतात. डायॉक्सिनचा साठा निम्मा व्हायला माणसाच्या शरीरात ७ ते ११ वर्षे लागतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाई बाळंत झाली की शरीर आपल्या साठ्यातली चरबी दुधासाठी काढते, आणि वीस-पंचवीस वर्षे साठलेले विष त्या चरबीबरोबर दुधात उतरते. पहिल्या बाळाच्या वाट्याला सर्वांत जास्त येते. पुढच्या बाळांना कमी, कारण आईचा साठा तोवर पहिल्यावर रिकामा झालेला असतो. पेरुंगुडीच्या त्या बाईच्या मांडीवर पहिलेच बाळ होते, हे आम्ही विसरू शकत नाही.

कचराभूमीवर राहत नाही म्हणून आपण सुटलो, असेही कोणी समजू नये. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिल्ली, मुंबई आणि कोलकाता या महानगरांतल्या मातांच्या दुधातही डीडीटी आणि त्याच जातीची इतर विषे आढळली. २०१२ साली आणखी एका अभ्यासाने दाखवले की कोलकात्याच्या कचराभूमीजवळच्या मातांच्या दुधात पीसीबी आणि आग रोखण्यासाठी प्लास्टिकमध्ये घालतात ती ब्रोमीनयुक्त रसायने जास्त होती. म्हणजे मोडके रेडिओ, टीव्ही, संगणक गरिबाच्या उंबऱ्यावर फोडले आणि जाळले जातात, त्यांचा अंशही बाळाच्या पोटात पोचतो.

डीडीटीची गोष्ट

आमचे वडील गँगमन होते. आम्ही लहान असताना रेल्वे कॉलनीत फवारणीवाले येत. भिंतींवर पांढरे डाग पडत. आया पोरांना बाहेर काढत, आणि फवारा संपायच्या आत पोरे पुन्हा आत धावत. डास मेले याचाच सर्वांना आनंद होता. तो आनंद खोटा नव्हता. १९४७ च्या सुमारास देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसे त्यात मरत, असा सरकारी अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखावर आली. त्यात डीडीटीचा मोठा वाटा होता. ज्याने तिचा गुण शोधला त्या पॉल म्युलर यांना १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते.

पण १९५१ सालीच अमेरिकेत मातांच्या दुधात डीडीटी सापडली होती. म्हणजे धोक्याची घंटा वाजून गेली होती. तरीही हिवतापासाठी भिंतीवर मारायचे औषध शेतात पोत्यांनी ओतले गेले. १९९३ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल आला. १२ राज्यांतून गाईम्हशींच्या दुधाचे २२०५ नमुने घेतले होते. त्यातल्या ८२ टक्के नमुन्यांत डीडीटी होती, आणि ३७ टक्के नमुन्यांत ती ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर होती. शेतीतल्या वापरावर बंदी १९८९ साली आली होती. बीएचसी नावाची पावडर, जी आमच्या खेड्यात धान्याच्या कणगीतही टाकत, ती १९९७ साली बंद झाली. तिच्यातलाच अर्क असलेले लिंडेन पुरते बंद व्हायला २०१३ साल उजाडले.

डीडीटी बनवणारा एक सरकारी कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, रसायनी येथे होता. शेकडो कामगारांच्या चुली त्यावर पेटल्या. त्या कामगारांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी देशाची सेवा म्हणूनच ते काम केले. पण विष हाताळणाऱ्या कामगाराला त्याच्या रक्तात किती विष आहे हे कळण्याचा हक्क आहे, आणि कारखाना बंद झाला तर दुसरे काम मिळण्याचा हक्क आहे. या दोन्ही मागण्या एकत्र मांडायला कामगार चळवळीने उशीर केला. नोकरी जाईल या भीतीने आम्ही धुराबद्दल बोललो नाही. आणि पर्यावरणवाल्यांनी धुराबद्दल बोलताना नोकरीचा विचार केला नाही. या भांडणात मालकांचे आणि सरकारचे फावले.

मग आईला काय सांगायचे?

आता आमच्या चेन्नईच्या साथींच्या प्रश्नाकडे येऊ. कारण इथेच चुकीचे बोलले तर भल्यापेक्षा बुरे जास्त होईल.

पहिली गोष्ट, आईने दूध तोडू नये. हे आम्ही आमच्या मनाचे सांगत नाही. या विषांचा सर्व हिशेब मांडूनही जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला बदललेला नाही. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध, आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा त्याहून जास्त. अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज मिळणारी डायॉक्सिनची मात्रा मोठ्या माणसाच्या मर्यादेपेक्षा जास्त भरते, आणि हे श्रीमंत युरोपातही घडते. परंतु ती मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याच्या हिशेबाने ठरवलेली असते. अंगावर पिण्याचा काळ थोडा, आणि त्या काळात आईच्या दुधातून मिळणारी रोगाशी लढण्याची ताकद दुसऱ्या कशातून मिळत नाही. शिवाय बाळाला हे विष गर्भात असतानाच मिळू लागलेले असते, आणि गर्भालाच त्याचा धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून बाळाचे तोंड वळवून प्रश्न सुटत नाही.

दुसरी गोष्ट, पर्याय काय ते पाहा. पेरुंगुडीत गाईचे दूध तपासले तर त्यातही विष. डब्याची पावडर घ्यायची तर आठवड्याची कमाई डब्यात जाईल. मग आई एका डब्याचे दोन डबे करील, म्हणजे पातळ पाजील. पाणी त्याच वस्तीतले, बाटली उकळायला इंधन नाही. हगवणीने बाळ दगावले तर ते डायॉक्सिनपेक्षा फार लवकर दगावेल. डबेवाल्या कंपन्यांनी गरीब देशांत काय केले हे जगाने पाहिले, म्हणूनच १९८१ साली आंतरराष्ट्रीय संहिता झाली आणि आपल्याकडे १९९२ साली बालदुग्धपर्यायांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा झाला. आईच्या दुधात विष आहे अशी अर्धी बातमी छापून आली की या कंपन्यांचे दुकान चालू लागेल. आमच्या या लेखाचा कोणी तसा उपयोग करू नये, हे आम्ही बजावून सांगतो.

तिसरी गोष्ट, तरीही सत्य लपवायचे नाही. गरीब बाईला कळणार नाही, ती घाबरेल, म्हणून तिच्यापासून तिच्याच शरीराची माहिती दडवणे हा तिचा अपमान आहे. शेडमध्ये साहेब कामगाराशी असेच वागतात. तेलात काय आहे, धुरात काय आहे, ते कामगाराला सांगत नाहीत, आणि आम्ही त्यावर मोर्चे काढतो. मग आम्ही त्या बाईशी वेगळे वागण्याचे कारण काय?

म्हणून तिला असे सांगायला हवे होते: बाई, बाळाला पाजत राहा. तुझ्या दुधाचा दोष नाही, दोष या धुराचा आहे. हा धूर विझवणे हे एकट्या तुझे काम नाही, आम्हा सर्वांचे आहे. वायरी जाळणाऱ्यांपासून दूर बस. कचऱ्यावर चरलेल्या गाईचे दूध घरात घेऊ नको. आणि उद्या मोर्चा निघेल त्यात ये. हे त्या दिवशी आम्हाला सुचले नाही. आज सुचते आहे, ते इथे लिहीत आहोत.

विष ओसरते, पण आपोआप नाही

काही साथी म्हणतील, जे साठले ते साठले, आता काय होणार? त्यांना आम्ही स्वीडनचे उदाहरण देतो. स्टॉकहोम शहरात अनेक वर्षे मातांच्या दुधाचे नमुने जपून ठेवून तपासले गेले. १९७० च्या दशकात तिथे डीडीटी, पीसीबी यांवर निर्बंध आले, आणि त्यानंतर दुधातले प्रमाण वर्षागणिक उतरत गेले. मात्र १९७२ ते १९९७ या काळात ब्रोमीनयुक्त रसायने दर पाच वर्षांनी दुप्पट होताना दिसली. हे कळले म्हणून त्यांच्यावर हरकत घेता आली, आणि तीही उतरू लागली. यातून दोन धडे मिळतात. बंदी घातली की आईचे दूध स्वच्छ होते. आणि तपासत राहिले तरच नवे विष वेळेवर पकडता येते.

अशी विषे जगातून हटवण्यासाठी २००१ साली स्टॉकहोम येथेच आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २००४ साली अमलात आला आणि भारताने २००६ साली त्याला मान्यता दिली. पहिल्या यादीत बारा विषे होती. त्यात डीडीटी, पीसीबी, डायॉक्सिन आणि फ्युरान आहेत. सही दिल्लीत झाली. धूर मात्र पेरुंगुडीत निघतच राहिला. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावरील जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितला. तरी २०२२ च्या एप्रिलमध्ये पेरुंगुडीचा डोंगर पेटला आणि काही दिवस धुमसत राहिला. जानेवारी २०१६ मध्ये आपल्या मुंबईच्या देवनारचा डोंगर असाच पेटला होता. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. तोही खाडीच्या काठावर, तोही गरिबांच्या वस्तीला लागून. शहर आपला कचरा कुठे टाकते ते पाहिले की ते कोणाला माणूस समजते हे कळते.

पेरुंगुडीत जुना कचरा खणून वेगळा करण्याचे काम महापालिकेने हाती घेतले. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण डोंगर हलवताना त्यावर पोट भरणाऱ्या माणसांचे काय? कचरावेचक बाईला हाकलून दिले तर ती दुसऱ्या ढिगावर जाईल, आणि तिचे बाळही तिच्याबरोबर जाईल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या कचरावेचक बायकांनी ओळखपत्रे मिळवली, आणि पुढे घरोघरचा कचरा वेगळा गोळा करण्याचे काम सहकारी संस्था काढून महापालिकेकडून घेतले. कचरा दारातच वेगळा झाला की ढिगावर जाऊन पेटायला कमी उरतो, आणि कामगाराची कमाईही टिकते. पोट आणि प्रकृती या दोन्हींची बाजू एकदम घेता येते, हे या अडाणी म्हणवल्या गेलेल्या बायकांनी आम्हा जुन्या युनियनवाल्यांना शिकवले.

आपले घर आधी झाडू

दुसऱ्याकडे बोट दाखवताना आम्ही रेल्वेवाले स्वच्छ आहोत असे नाही. पीसीबी नावाचे तेल एके काळी जगभर ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये वापरत, कारण ते सहज पेटत नाही. आम्ही नवे होतो तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या तेलाने हात धुवायची शेडमध्ये पद्धत होती. ग्रीस छान निघते म्हणत. कोणत्या टाकीत कोणते तेल, हे आम्हाला ना कोणी सांगितले, ना आम्ही विचारले. तेच कपडे घालून आम्ही घरी जात होतो, आणि ते धुणारी बाई पोटुशी असे किंवा अंगावर पाजत असे. २०१६ साली केंद्र सरकारने पीसीबीबाबत आदेश काढून उत्पादन व आयात बंद केली, आणि पीसीबीचा सर्व प्रकारचा वापर संपवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत घालून दिली. आपल्या शेडमध्ये, सबस्टेशनात, भंगार डेपोत या मुदतीचे काय झाले, हे प्रत्येक शाखेने लेखी विचारले पाहिजे.

तीच गोष्ट भंगार केबलची. यार्डाच्या कडेला वायरी जाळून तांबे काढणारा माणूस चोर म्हणून पकडला जातो. पण पीव्हीसीचे तुकडे, रेक्झीन आणि प्लास्टिक गोळा करून रुळांच्या कडेला पेटवून देणे हे आमच्यातलेही काही जण करतात. मुकादम सांगतो आणि गँग पेटवते. यापुढे कोणी सांगितले तरी पेटवायचे नाही, असा ठराव आमच्या शाखेने केला आहे. सभेत हसलेल्या साथींनीच त्याला अनुमोदन दिले, हे आनंदाने नमूद करतो.

आणि स्थानकावरच्या बायकांकडे पाहा. रेल्वेच्या कायम नोकरीतल्या बाईला १८० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे. ती चळवळीने मिळवली. त्याच फलाटावर झाडू मारणाऱ्या कंत्राटी बाईला बाळंतपण म्हणजे कामावरून नाव कमी. कायद्याने बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत आईला दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी द्यायची असते, पन्नासच्या वर कामगार असतील तिथे पाळणाघर हवे असते. ठेकेदाराच्या पाळणाघरात झुललेले बाळ आम्ही अजून पाहिलेले नाही. दुधात विष उतरू देणे हा एक गुन्हा, आणि असलेले दूध बाळाला पाजू न देणे हा दुसरा.

आमच्या मागण्या

१. सर्व कचराभूमींवरचे जाळणे पूर्ण थांबवावे. आग लागली तर जबाबदारी ठेकेदार आणि अधिकाऱ्यावर ठेवावी, कचरावेचकावर नाही.

२. कचराभूमीवर जनावरे चरू देऊ नयेत, आणि त्यांच्या मालकांना चारा व गोठ्यासाठी मदत द्यावी. गवळ्याचा धंदा मोडून हा प्रश्न सोडवू नये.

३. कचरावेचकांना ओळखपत्र, जुना कचरा वेगळा करण्याच्या कामात पहिला हक्क, किमान वेतन, हातमोजे-मास्क, आणि बाळांसाठी धुरापासून दूर पाळणाघर मिळावे.

४. कचराभूमी, रासायनिक वसाहती आणि मोठी शहरे येथील मातांच्या दुधाची सरकारने ठराविक वर्षांनी तपासणी करावी. मातांची नावे गुप्त ठेवावीत, पण प्रत्येकीला तिचा निकाल तिच्या भाषेत, डॉक्टरी सल्ल्यासह मिळावा. त्या निकालाचा उपयोग डब्याचे दूध विकण्यासाठी कोणालाही करू देऊ नये.

५. रेल्वे प्रशासनाने पीसीबी असलेल्या उपकरणांचा शेडवार हिशेब कामगार संघटनांना द्यावा, आणि भंगार केबल जाळण्यास कडक मनाई करावी.

६. कंत्राटी व असंघटित स्त्री-कामगारांना पगारी बाळंतपणाची रजा आणि पाजण्याची सुट्टी प्रत्यक्षात मिळावी.

सभेत प्रश्न विचारणाऱ्या त्या जुन्या साथींना आता आमचे उत्तर. युनियनचा संबंध हा, की धूर सोडणाऱ्याला हिशेब विचारणारे कोणी नसले की तो हिशेब गुपचूप आईच्या खात्यावर लिहिला जातो, आणि वसुली बाळाकडून होते. आम्ही आयुष्यभर मालकाच्या खोट्या हिशेबांशी भांडलो. हा सर्वांत खोटा हिशेब आहे.

पेरुंगुडीतले ते बाळ आज शाळेत असेल, असेल अशी आमची आशा आहे. त्याच्या आईशी आम्ही त्या दिवशी बोललो नाही. निदान तिच्यासारख्या पुढच्या आईशी आपण सर्वांनी मिळून बोलावे, आणि रिकाम्या हाताने न बोलता मागण्यांचा कागद हाती घेऊन बोलावे, एवढीच साथींना विनंती.

कामगार एकजुटीचा विजय असो!